पांदण : हंगामी वाटेचा प्रश्न

विदर्भात शेत विकत घेणारा जाणकार माणूस माती आणि विहीर पाहतोच, पण त्याआधी एक प्रश्न विचारतो : ‘पांदण कशी आहे?’ उत्तर समाधानकारक नसेल, तर पुढची बोलणी वेगळ्या भावाने होतात. पांदण म्हणजे गावातून शिवारात जाणारी, शेतांच्या धुऱ्यांमधून गेलेली कच्ची गाडीवाट. सरकारी कागदांत तिला ‘पाणंद’ म्हणतात. नागपूर-वर्ध्याकडे ती पांदणच. मी राहतो धरमपेठेत आणि आमचे शेत आहे सेलू तालुक्यात, वर्धा जिल्ह्यात. गावापर्यंतचा डांबरी रस्ता बारमाही आहे. शेवटचा किलोमीटर कसा जाईल, हे मात्र महिना पाहून सांगावे लागते. या शेवटच्या किलोमीटरविषयी जे पाहिले आणि वाचले, ते येथे मांडतो आहे.

आधी पांदणीचे वर्ष पाहू. वैशाखात तिच्यावर घोटाभर फुफाटा असतो. धूळ उडते, पण गाडी अडत नाही. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की चाकोऱ्यांत पाणी साचते. आषाढ-श्रावणात बंडीचे चाक आसापर्यंत बसते. मोटारसायकल गावातल्या शेवटच्या घरापाशी ठेवून लोक पायी जातात आणि खताची पोती डोक्यावरून नेतात. निंदणाला जाणाऱ्या बाया चपला हातात घेऊन चालतात. सर्वांत फसवा काळ असतो तो पाऊस उघडल्यानंतरचा. वरचा पापुद्रा उन्हाने वाळून पांढरट दिसतो, आत ओल तशीच असते. ट्रॅक्टर जाईल असे वाटते आणि तो भर वाटेत बसतो. दिवाळी उलटली की वाट हळूहळू घट्ट होते, आणि पौष-माघात ती सर्वांत चांगली असते.

असे का होते, याचे उत्तर मातीत आहे. धरमपेठेतून अमरावती रस्त्याला लागले की राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेचे मुख्यालय लागते. १९७६ साली स्थापन झालेली ही संस्था देशभरच्या मातीचे नकाशे करते, आणि ज्या काळ्या मातीचा तिने बारकाईने अभ्यास केला ती तिच्या दाराशीच सुरू होते. बेसॉल्ट खडकापासून झालेल्या या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. तिचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असतात. पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरते आणि माती फुगते. पाणी गेले की ती आकसते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हाच गुण पिकाला ओल धरून देतो. पण ओली झाल्यावर ही माती वजन पेलत नाही. जी शेताला तारते तीच वाटेला मारते.

त्यात पांदण बहुधा आजूबाजूच्या शेतांपेक्षा खोल असते. वर्षानुवर्षे चाके माती उकरतात, पाऊस ती वाहून नेतो आणि वाट खाली जाते. मग दोन्ही अंगांच्या शेतांचे पाणी तिच्यातच उतरते. बऱ्याच गावांत पांदण आणि नाला यांतला फरक पावसाळ्यात उरत नाही. म्हणूनच नुसता मुरूम टाकून भागत नाही. पहिल्या पावसाळ्यात मुरूम खाली दबतो आणि काळी माती वर येते. आधी बाजूच्या नाल्या काढाव्या लागतात, वाट उंच करावी लागते, ओढ्याच्या जागी रपटा किंवा पाईप घालावा लागतो, आणि त्यानंतरच दगड व मुरूम दाबून बसवता येतो.

मग आपल्या आधीच्या पिढ्यांनी या वाटेवर निभावले कसे? मला वाटते, त्यांची पिके आणि पांदण यांचे वेळापत्रक जुळत होते. कापसाची वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन थंडीभर चाले. ज्वारी, तूर, हरभरा हा सगळा माल वाट वाळल्यावरच घरी येई. पावसाळ्यात शेतात जायचे ते माणसांनी आणि बैलांनी. मालाची बंडी भरायची ती कोरड्या दिवसांत. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत सोयाबीन आले आणि हे गणित मोडले. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत येते. ते सप्टेंबरच्या अखेरीस, ऑक्टोबरमध्ये कापायला होते, म्हणजे नेमके पांदणीच्या सर्वांत फसव्या दिवसांत. वाळलेल्या शेंगा उभ्याच तडकतात, थांबायला वेळ नसतो. कापायला हार्वेस्टर आणावा तर त्याचा कापणीचा दांडा बारा-चौदा फुटांचा. बंडीपुरती रुंदी असलेल्या, दोन्हीकडून बाभळी आणि बोरींनी आवळलेल्या वाटेत तो शिरत नाही. मागच्या बाजूला शेत असलेल्याला माल डोक्यावरून काढावा लागतो किंवा जास्त मजुरी द्यावी लागते. दोन शेतांची माती एकसारखी असूनही एकाला पीक परवडते आणि दुसऱ्याला परवडत नाही, ते या वाटेमुळे.

हंगामापुरती उघडणारी आणि दुसऱ्याच्या जमिनीतून जाणारी वाट जगात इतरत्रही आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचे उदाहरण घेऊ. तेथल्या विलास काउंटीतील सेनर या गावात कार्ल एलियासन यांनी १९२४ मध्ये बर्फावर चालणारी आपली पहिली मोटारगाडी बनवली. आज त्या राज्यात अशा स्नोमोबीलसाठी हजारो मैलांच्या वाटा आहेत. बहुतेक वाटा खासगी शेतांतून जातात. पिके निघाली, जमीन गोठली आणि पुरेसा बर्फ पडला की काउंटी वाट उघडल्याचे जाहीर करते. बर्फ वितळू लागला की बंद करते. वाट सपाट ठेवणे, खुणेच्या पाट्या लावणे ही कामे गावोगावचे क्लब करतात. शेतमालकाची संमती ते मिळवतात आणि जपतातही, कारण एका मालकाने नकार दिला तरी अख्खी वाट तुटते. तेथे वाट चालू असते ती मौजेसाठी, येथे पोटासाठी. थंडी तेथे जमीन घट्ट करते, येथे ते काम ऊन करते. पण दोन्हीकडे वाट टिकते ती तीन गोष्टींवर : काठच्या मालकाची संमती, देखभालीची ठरलेली जबाबदारी आणि वाट कुठून जाते याची सर्वांना मान्य असलेली नोंद.

आपल्याकडे या तिन्ही गोष्टी एके काळी होत्या. मध्य प्रांतात मालगुजारी असताना गावाच्या रूढी ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदात लिहिल्या जात. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने मात्र विदर्भासाठी हा कागद चालू ठेवला. खासगी जमिनीतून जाण्या-येण्याच्या वहिवाटी कलम १६५ प्रमाणे त्यात नोंदवता येतात. गावनकाशावर पाऊलवाट एका तुटक रेषेने दाखवतात आणि गाडीवाट दोन रेषांनी. पण नकाशावरच्या दोन रेषांमधली जागा शिवारात शोधायला गेले, तर दरवर्षी एकेका तासाने पुढे सरकलेला धुरा भेटतो.

कायदा हाताशी नाही असे नाही. संहितेच्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदार शेतांच्या हद्दीवरून वाट देऊ शकतो. निर्णय मान्य नसलेल्याला एका वर्षात दिवाणी दावा करता येतो. असलेली वाट कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा काढून मागता येतो. त्यासाठी सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. ही मुदत अनेकांची हुकते, कारण शेजाऱ्याविरुद्ध कागद करण्याआधी माणूस एक हंगाम वाट पाहतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आली. तिचा आधार रोजगार हमी होता आणि रोजगार हमीत मजुरी व साहित्य यांचे प्रमाण ६०:४० राखावे लागे. काळ्या मातीतल्या पांदणीला खर्च लागतो तो मुख्यतः दगड, मुरूम आणि यंत्रांचा. मे २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात व्हावी, असा निर्णय काढला. माझ्या मते रुंदीपेक्षा या नोंदीचे मोल अधिक आहे. मुरूम चार वर्षांत दबतो. सातबारावरची ओळ शेत विकले तरी नव्या मालकाबरोबर जाते.

ही ओळ आता का हवी, याचे कारण धरमपेठेसारख्या वस्त्यांत राहते. पांदणीच्या काठचे कितीतरी मालक आज नागपुरात, पुण्यात किंवा परदेशात आहेत. शेत मक्त्याने दिलेले असते. मक्तेदाराला धुरा सोडण्याचा अधिकार नसतो आणि मालकाला तो कुठे सरकला हे ठाऊक नसते. पूर्वी चावडीवर बसून मिटणारी गोष्ट आता विचारायची कोणाला, हेच कळत नाही. शेत विकले गेले आणि नव्या मालकाने तारेचे कुंपण घातले की तोंडी संमती त्या दिवशी संपते आणि मागच्या पाच-सात शेतांचा रस्ताही तिच्याबरोबर जातो.

म्हणून ज्यांचे शेत गावी आहे आणि जे स्वतः शहरात आहेत, अशा वाचकांना एक सुचवावेसे वाटते. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्या आणि आपल्या गटाला लागून दोन रेषा जातात का ते पाहा. जात असतील, तर मागच्या शेतकऱ्याने अर्ज करण्याची वाट न पाहता आपल्या बाजूची संमती लेखी द्या आणि सातबारावर नोंद मागा. हे काम दिवाळी ते होळी या काळात करावे. वाट तेव्हा कोरडी असते, मोजणीची साखळी सरळ बसते, आणि शेजाऱ्यांची मनेही मृगाच्या घाईतल्यापेक्षा निवांत असतात.