भुलीचे इंजेक्शन कोण देणार, हे आधी विचारा

ऑगस्ट २०१६ मध्ये वाई तालुक्यातील धोमचे प्रकरण उघडकीस आले आणि सातारा जिल्ह्याच्या घराघरांत एक नवाच शब्द शिरला. तो शब्द म्हणजे स्कोलिन. अंगणवाडी सेविकांच्या संघटनेच्या नेत्या मंगल जेधे १६ जून २०१६ पासून बेपत्ता होत्या. त्यांचा शोध घेताना पोलिसांनी संतोष पोळ याला अटक केली. २००३ ते २०१६ या काळात आपण सहा जणांना मारल्याची कबुली त्याने दिली, असे पोलिसांनी सांगितले. धोमच्या जागेतून मृतदेह उकरून काढण्यात आले. पोळ स्वतःला डॉक्टर म्हणवीत असे, पण तो एम.बी.बी.एस. नव्हता. माणसे मारण्यासाठी त्याने स्कोलिन हे भुलीच्या वेळी द्यावयाचे इंजेक्शन वापरले, असा पोलिसांचा आरोप होता. खटला साताऱ्याच्या न्यायालयात गेला. खऱ्याखोट्याचा निवाडा न्यायालयाने करायचा, आपण नव्हे.

मला लिहायचे आहे ते त्यानंतर लोकांच्या मनात जी धास्ती बसली तिच्याबद्दल. पुढे २०२० साली ‘देवमाणूस’ ही मालिका दूरदर्शन संचावर रोज रात्री घरात येऊ लागली आणि ज्यांनी वर्तमानपत्र वाचले नव्हते त्यांनाही इंजेक्शनची सुई दिसू लागली.

मी कारकून माणूस. दिवसा कचेरीत कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या बिलांच्या फायली तपासतो आणि संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या कोणाला सिव्हिलला किंवा मिरजेला न्यायचे असेल तर सोबत जातो. केसपेपर काढणे, योजनेचा अर्ज भरणे, डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा सोप्या भाषेत सांगणे, एवढेच माझे काम. या कामात गेली काही वर्षे एक वाक्य मी वारंवार ऐकतो. “भाऊ, ऑपरेशनला मी भीत न्हाई. पर ते झोपंचं इंजेक्शन नगो. त्यातनं मानूस उठलंच न्हाई तर?”

माणकडच्या एका भगिनीने याच भीतीपायी गर्भाशयाचे ऑपरेशन दोन वर्षे पुढे ढकलले. अंगावरून सारखे जात होते. शेवटी रक्त सहावर आले, पायऱ्या चढवेनात, तेव्हा नवऱ्याने उचलून आणले. आधी रक्ताच्या पिशव्या चढवाव्या लागल्या आणि मगच ऑपरेशन झाले. सांगायची गोष्ट अशी की, जिचे रक्त अकरा-बारा आहे तिला भूल देणे सोपे आणि जिचे सहा आहे तिला भूल देणे जोखमीचे. म्हणजे भुलीला भिऊन तिने भुलीचाच धोका वाढवून घेतला होता. बाई सुखरूप घरी गेली. पण सगळ्यांचे असे होत नाही, म्हणून हा लेख.

स्कोलिन म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. त्याचे शास्त्रीय नाव सक्सिनिलकोलीन. हे झोपेचे औषध नव्हेच. ते अंगातले सगळे स्नायू ढिले पाडते. मिनिटभरात हात-पाय, जबडा, घसा आणि श्वासाचे स्नायूही निकामी होतात. पाच-दहा मिनिटांनी शरीरातले एक रसायन त्याचे तुकडे करते आणि स्नायू परत कामाला लागतात. तेवढ्या अवधीत डॉक्टर घशातून श्वासनलिकेत नळी घालतो आणि रुग्णाचा श्वास आपल्या हातात घेतो. घाईच्या ऑपरेशनमध्ये, पोट भरलेल्या किंवा अपघातात सापडलेल्या माणसाला वाचवण्यासाठी हे इंजेक्शन अनेक दशके कामी आले आहे आणि आजही येते. पण नळी घालणारा कोणी नसेल, ऑक्सिजनची पिशवी दाबणारा कोणी नसेल, तर तीच पाच मिनिटे माणसाला पुरेशी होतात. वाईच्या प्रकरणात पोलिसांनी जे सांगितले त्याचा अर्थ एवढाच होतो. ऑपरेशन थिएटरमधल्या स्कोलिनला त्यासाठी घाबरण्याचे कारण नाही.

सातासमुद्रापलीकडचेही एक उदाहरण सांगतो. मायकेल जॅक्सन हा गायक २५ जून २००९ रोजी वारला. त्याला झोप येत नव्हती म्हणून त्याचा खासगी डॉक्टर त्याला घरीच प्रोपोफॉल देत असे. दुधासारखे पांढरे दिसणारे हे औषध आपल्याकडेही दुर्बिणीच्या तपासणीला आणि ऑपरेशनला रोज वापरतात. २०११ साली त्या डॉक्टरला शिक्षा झाली. पैसा होता, बंगला होता, खास डॉक्टर होता. नव्हते ते श्वासाकडे लक्ष ठेवणारे यंत्र आणि शेजारी बसून राहणारा जाणकार माणूस. गरिबाला वाटते की आपल्याला स्वस्तातले औषध देतात म्हणून धोका. तसे नाही. श्रीमंतालाही राखणदाराशिवाय भूल मारते.

भूल या शब्दाने आपल्याकडे आधीच घोटाळा करून ठेवला आहे. भूल म्हणजे चूक, भूल पडणे म्हणजे रानात वाट विसरणे, आणि भूलथापा तर निवडणुकीत रोजच्या. एवढे सगळे अर्थ पाठीशी असल्यावर म्हातारी बाई त्या शब्दालाच बिचकली तर तिचा काय दोष!

तर राखण करणारा कोण? माझ्या टेबलावर येणाऱ्या बिलांत सर्जनचे नाव ठळक असते, खोलीचे भाडे असते, हातमोज्यांचा हिशेब असतो. भूलतज्ज्ञाच्या ओळीत मात्र कित्येकदा नुसती रक्कम असते. नाव नाही, सही नाही, नोंदणी क्रमांक नाही. अशा बिलावर मी शेरा मारून ते परत पाठवतो. साहेब म्हणतात, तुम्ही फार खोलात जाता. पण ज्याच्या हाती माणसाचा श्वास दिला त्याचे नाव कागदावर नको का? त्याची पदवी एम.डी. किंवा डी.ए. असते. दुर्गम भागात बाळंतिणींचे जीव वाचावेत म्हणून सरकारने एम.बी.बी.एस. डॉक्टरांसाठी भूल देण्याचे १८ आठवड्यांचे खास प्रशिक्षणही सुरू केले. तसे शिकलेले डॉक्टर त्या कामापुरते चालतात. पण ऑपरेशन करणाऱ्यानेच एक इंजेक्शन टोचायचे आणि मग चाकू हातात घ्यायचा, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही. एकाच माणसाने चाकूकडेही बघायचे आणि श्वासाकडेही, हे होणार कसे?

आपल्या तालुक्याच्या गावांची अडचण मला ठाऊक आहे. दहिवडी असो की जत, दोन-तीन दवाखान्यांत मिळून एक भूलतज्ज्ञ असतो किंवा तो दुसऱ्या गावाहून गाडी काढून येतो. तो येईपर्यंत थांबावे लागते. नातेवाईक चिडतात, “एवढ्याशा हर्नियाला किती वेळ!” म्हणून डॉक्टरवर ओरडतात. थांबणाऱ्या डॉक्टरवर ओरडू नये, एवढीच माझी विनंती. न थांबणाऱ्याला मात्र जरूर विचारावे.

मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले. बेकायदा गर्भपातात एका तरुण विवाहितेचा जीव गेला, त्या तपासातून हे बाहेर आले. दवाखाना चालवणाऱ्याची पदवी होमिओपॅथीची होती. मुलगी नको म्हणून केलेल्या त्या पापाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच झाले. माझ्या मनात मात्र आणखी एक प्रश्न राहून गेला. त्या टेबलावर निजलेल्या बायकांना गुंगी कोण देत होते आणि त्यांच्या नाडीवर बोट कोणाचे होते? चोरून केलेल्या कामात भूलतज्ज्ञाला बोलावता येत नाही. तेथून अवघ्या काही मैलांवर मिरजेत शतकाहून जुने मिशन हॉस्पिटल आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालय उभे आहे, हे लक्षात आले की जीव अधिकच कळवळतो.

भुलीची भीती आजची नाही. जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना क्लोरोफॉर्मने दगावली. क्लोरोफॉर्म वापरात येऊन जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. तेव्हापासून पुढची शंभरेक वर्षे भूल देणाऱ्याकडे रुग्णाचा रंग बघणे आणि नाडी धरणे यापलीकडे फारसे साधन नव्हते. आज बोटाला चिमटा लावतात. करोनाच्या साथीत आपण सर्वांनी तो ऑक्सिमीटर घरी आणला. १९७४ साली जपानमधील ताकुओ आओयागी या अभियंत्याच्या शोधातून तो निघाला. ओठ निळे पडण्याच्या आधी तो रक्तातला ऑक्सिजन कमी झाल्याचे सांगतो. निरोगी माणसाच्या ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये केवळ भुलीमुळे मृत्यू येणे प्रगत देशांत आता लाखात एखाददुसरे समजतात, त्यात या चिमट्याचा वाटा मोठा. म्हणून दाताच्या दवाखान्यात असो की दुर्बीण घालताना, गुंगीचे औषध देणार असतील तर बोटाला चिमटा आणि खोलीत ऑक्सिजन आहे का, हे बघावे. नखाला गडद रंग असेल तर आदल्या दिवशी पुसून टाकावा, कारण त्याने यंत्राचा आकडा चुकू शकतो.

आता आपल्याकडच्या चुका. सर्वांत मोठी म्हणजे रुग्णाला चोरून खाऊ घालणे. “उपाशीपोटी एवढं मोठं ऑपरेशन कसं सोसंल?” म्हणून आई पहाटे चहात बिस्किट बुडवून भरवते. भुलीत घसा ढिला पडतो, पोटातले अन्न वर येते आणि फुप्फुसात शिरते. त्यात माणूस जातो. साधे जेवण किमान सहा तास आधी, तेलकट आणि मटणाचे त्याहूनही आधी बंद. अंगावर पिणाऱ्या बाळाला चार तास. साधे पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालते, पण दवाखाना सांगेल ते प्रमाण. आणि पोरट्याने मध्येच काही खाल्ले असेल तर लाजू नये, सांगून टाकावे. ऑपरेशन चार तास पुढे गेले म्हणून काही बिघडत नाही.

दुसरी म्हणजे व्यसन लपवणे. मिश्री, तंबाखू, विडी, दारू सगळे सांगावे. रोज पिणाऱ्याला भुलीचे औषध वेगळ्या मापाने लागते. सासऱ्यासमोर सांगता येत नसेल तर डॉक्टरला बाजूला घेऊन सांगावे. दम्याचा फवारा, रक्तदाबाची आणि साखरेची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी, वैदूची पुडी, जे असेल ते पिशवीत घालून नेऊन दाखवावे. हलणारा दात आणि कवळीसुद्धा.

एक गोष्ट फारच थोड्यांना माहीत आहे. स्कोलिनचे तुकडे करणारे जे रसायन वर सांगितले, ते काही घराण्यांत जन्मतःच कमी असते. अशांना पाच मिनिटांच्या औषधाचा अंमल तासन्‌तास राहतो आणि तोवर यंत्राने श्वास द्यावा लागतो. “आमच्या आत्याला ऑपरेशननंतर लवकर जाग आली नव्हती, मशीनवर ठेवली होती,” अशी घरात एखादी आठवण असेल तर ती भूलतज्ज्ञाला जरूर सांगावी. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकेही हेच रसायन मारतात. तासगाव-पलूसकडे आपली कितीतरी माणसे दुसऱ्याच्या रानात पंप पाठीला लावून फवारणी करतात. त्यांच्यापैकी कोणाचे ऑपरेशन असेल तर “परवापर्यंत औषध मारत होतो” हे वाक्य डॉक्टरच्या कानावर घालावे. कोणी आपण होऊन विचारेल याची वाट पाहू नये.

बायकांची तक्रार कमरेतल्या इंजेक्शनची. सिझरला कमरेत सुई टोचली आणि तेव्हापासून कंबर धरली, हे दहांतल्या आठजणी म्हणतात. सुई ज्या जागी टोचतात तेथे मज्जारज्जू संपलेला असतो, त्यामुळे तो दुखावण्याची शक्यता अगदीच कमी. टोचल्या जागी चार-आठ दिवस दुखते. त्यापुढचे दुखणे बहुतेक वेळा बाळंतपणाचे, वाकून पाजण्याचे आणि सव्वा महिना होण्याआधीच हंडा उचलण्याचे असते. इंजेक्शनवर खापर फुटले की हंडा उचलायला लावणारे मोकळे सुटतात! खरी लक्षात ठेवण्याजोगी खूण वेगळी आहे. बसले की डोके फुटल्यासारखे दुखते आणि आडवे पडले की थांबते, असे झाले तर ते सुईमुळे असू शकते. त्यावर उपाय आहे. दवाखान्यात परत जावे.

संमतीच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नये, हे मी सांगायला नको. मराठीत मागावा, वाचून दाखवायला लावावा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यात निकाल दिला आहे. दुर्बिणीच्या तपासणीसाठी त्यांना पूर्ण भूल दिली होती. त्या बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले. तातडीने जीव वाचवण्याचा प्रसंग नसेल तर असे करता येत नाही, शुद्धीवर आल्यावर त्या बाईलाच विचारले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. झोपलेल्या माणसाचा हक्क झोपत नाही, हे आपल्या भगिनींना ठाऊक असावे. आणखी एक व्यवहाराचे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन होत असेल तर भुलीचा खर्च पॅकेजमध्येच धरलेला असतो. ‘भूलवाल्यांचे वेगळे’ म्हणून कोणी हातात रोख मागितली तर पावती मागा आणि आरोग्यमित्राकडे जा.

घरी सोडल्यावरही चोवीस तास गुंगीचा अंमल मनावर राहतो. मोटारसायकल चालवू नये, विळी-स्टोव्हजवळ एकटीला बसवू नये, आणि कुठल्याही कागदावर सही-अंगठा करू नये. हे शेवटचे डॉक्टरही सांगतात, पण त्याचे महत्त्व मला सांगलीच्या एका वॉर्डात पटले. हर्नियाचे ऑपरेशन होऊन आलेल्या आजोबांच्या उशाशी दुपारीच थोरला मुलगा वाटणीपत्र आणि शाईचा पॅड घेऊन उभा होता. आजोबा हसत होते आणि म्हणतील तिथे बोट पुढे करीत होते. ड्युटीवरच्या सिस्टरने पॅड उचलला, आपल्या टेबलाच्या खणात टाकला आणि म्हणाली, “उद्या या. अन् उद्या त्यांना चष्मा पण घेऊन या.”