इक्वेडोरचा वस्तुव्यापार आणि खानदेशची केळी : एक तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना :

आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अध्यापनात ‘लहान राष्ट्र’ ही संकल्पना वारंवार येते. येथे लहानपण क्षेत्रफळावर ठरत नाही. ज्या राष्ट्राला जागतिक बाजारातील किंमत ठरविता येत नाही, आहे ती किंमत स्वीकारावी लागते, ते अर्थशास्त्राच्या परिभाषेत लहान राष्ट्र होय. ही व्याख्या खानदेशातील विद्यार्थ्याला समजावून सांगण्यास फारसे सायास पडत नाहीत. रावेर आणि बऱ्हाणपूर येथे निघणाऱ्या रोजच्या भावाकडे डोळे लावून बसणारे केळी उत्पादक कुटुंब हे त्या व्याख्येचे जिवंत उदाहरण आहे.

दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर हा देश महाराष्ट्राहून काहीसा लहान असून त्याची लोकसंख्या सुमारे १.८ कोटी आहे. तरीही केळीच्या निर्यातीत तो जगात प्रथम क्रमांकावर आहे. याउलट केळीच्या उत्पादनात जगात प्रथम क्रमांक भारताचा असूनही जागतिक निर्यातीतील त्याचा वाटा अल्प आहे. या विरोधाभासाची कारणे शोधणे आणि इक्वेडोरच्या अनुभवातून जळगाव व धुळे जिल्ह्यांनी काय घ्यावे व काय टाळावे याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. इक्वेडोरच्या आयात-निर्यातीची रचना :

खनिज तेल, कोळंबी, केळी, कोको, फुले आणि अलीकडच्या काळात खनिजे या मोजक्या वस्तूंवर इक्वेडोरची निर्यात उभी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हा देश कोकोवर विसंबून होता. १९२० च्या दशकात कोकोच्या बागांवर रोग पडले आणि देशाची अर्थव्यवस्था कोलमडली. १९४८ नंतर गालो प्लासा यांच्या कारकिर्दीत केळीची लागवड वेगाने वाढली. १९७२ पासून तेलाची निर्यात सुरू झाली. वस्तू बदलल्या, परंतु मोजक्या प्राथमिक वस्तूंवर विसंबण्याची रीत बदलली नाही.

आयातीची बाजूही बोलकी आहे. यंत्रसामग्री, वाहने, औषधे आणि रसायने बाहेरून येतात. गव्हाची गरज जवळजवळ संपूर्णपणे आयातीतून भागविली जाते. हा देश कच्चे तेल विकतो आणि शुद्धीकरणाची क्षमता अपुरी असल्याने पेट्रोल-डिझेल विकत घेतो. कच्चा माल स्वस्तात देऊन पक्का माल महागात घेणाऱ्या राष्ट्रांच्या व्यापारशर्ती दीर्घकाळात प्रतिकूल होत जातात, असे प्रतिपादन राऊल प्रेबिश आणि हान्स सिंगर यांनी १९५० मध्ये केले होते. इक्वेडोरचा अनुभव त्या प्रतिपादनाची आठवण करून देतो.

यात आणखी एका गोष्टीची भर पडली. २००० मध्ये आर्थिक अरिष्टाच्या वेळी इक्वेडोरने ‘सुक्रे’ हे स्वतःचे चलन सोडून अमेरिकन डॉलर स्वीकारला. त्यामुळे महागाई आटोक्यात आली. मात्र निर्यात घटल्यास चलनाचे अवमूल्यन करून ती सावरण्याचा मार्ग बंद झाला. डॉलर छापता येत नाही, तो मिळवावाच लागतो. म्हणून तेथे निर्यात हा देशातील पैशाचाच एक प्रमुख झरा आहे.

२. उत्पादन आणि निर्यात यांतील अंतर :

केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २०२२-२३ च्या सुमारास भारताचे केळी उत्पादन सुमारे ३५३ लाख टन, म्हणजे जगाच्या एकचतुर्थांशाहून अधिक होते. त्या वर्षी निर्यात मात्र सुमारे ३.६ लाख टन, म्हणजे शंभर टनांमागे एक टन इतकीच झाली. इक्वेडोर सामान्यतः वर्षाला ६० लाख टनांहून अधिक केळी निर्यात करतो.

या फरकाचे पहिले कारण देशांतर्गत बाजारपेठ हे आहे. भारतात केळी हे सर्वसामान्यांचे फळ असून रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूर या पट्ट्यातील माल दिल्ली व उत्तर भारतात खपतो. ही उणीव नसून एक मोठा आधार आहे.

दुसरे कारण हाताळणीचे. उत्तरेकडे जाणारा माल परंपरेने घडांच्या स्वरूपात, केळीच्याच पानांचा आधार देऊन ट्रकमध्ये किंवा रेल्वेच्या वॅगनमध्ये भरला जातो. निर्यातीसाठी घड बागेतच पिशवीने झाकावा लागतो, कापणीनंतर तो जमिनीवर टेकवता येत नाही. फण्या सोडवून, धुऊन, प्रतवारी करून खोक्यांत भराव्या लागतात आणि सुमारे १३ ते १४ अंश सेल्सियस तापमान परदेशी बाजारापर्यंत अखंड राखावे लागते. इक्वेडोरच्या केळीबागा ग्वायास नदीच्या खोऱ्यात व किनारी प्रदेशात असून ग्वायाकिल बंदर त्यांना जवळ आहे. जळगावच्या मालाला सह्याद्री ओलांडून न्हावाशेवा गाठावे लागते. शिवाय उन्हाळ्यातील ४५ अंशांच्या झळा आणि हिवाळ्यातील थंडी या दोन्हींचा परिणाम फळाच्या दर्जावर होतो.

तिसरे कारण व्यवहाराचे. इक्वेडोरमध्ये ठराविक वजनाच्या खोक्यास उत्पादकाला द्यावयाची किमान किंमत शासन जाहीर करते. तिची अंमलबजावणी नेहमीच काटेकोर होते असे नाही, परंतु वाद घालण्यास एक अधिकृत आकडा असतो. आपल्याकडे केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीत केळी नाही. भाव जाहीर होतो, पण त्या भावाने माल उचलला जाईलच याची हमी नसते. आणि केळी हे थांबून राहणारे फळ नव्हे.

परिस्थिती बदलते आहे, हेही नमूद केले पाहिजे. ठिबक सिंचन आणि ऊतिसंवर्धित ‘ग्रँड नैन’ रोपांमुळे खानदेशात निर्यातयोग्य फळ तयार होऊ लागले. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली.

३. निर्यात यशाची दुसरी बाजू :

इक्वेडोरच्या केळीचा सुमारे पाचवा हिस्सा रशियात जातो. जानेवारी २०२४ मध्ये इक्वेडोरने आपली जुनी सोव्हिएत बनावटीची शस्त्रसामग्री अमेरिकेला देण्याची तयारी दाखविली. पाठोपाठ फेब्रुवारीत रशियाने, कीड आढळल्याचे कारण देत, इक्वेडोरच्या पाच कंपन्यांची केळी थांबविली. इक्वेडोरने शस्त्रांबाबत माघार घेतल्यावर बंदी उठली. याच सुमारास रशियाने भारतातून केळी घेण्यास आरंभ केला. एका देशाच्या बागायतदाराचे संकट दुसऱ्या देशाच्या बागायतदाराची संधी ठरली. मात्र अशी संधी जशी आली तशीच जाऊही शकते.

खानदेशला हा अनुभव नवा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा खानदेशच्या कापसाला अपूर्व भाव आला. युद्ध संपताच तो भाव कोसळला आणि तेजीच्या भरवशावर काढलेले कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिले.

दुसरा धोका एकाच वाणाचा आहे. निर्यातीची ‘ग्रो मिशेल’ ही जुनी जात पनामा मर रोगामुळे विसाव्या शतकाच्या मध्यास बाजारातून हद्दपार झाली आणि तिची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. आता त्याच रोगाचा ‘टीआर ४’ हा प्रकार कॅव्हेंडिशवर उठला आहे. तो २०१९ मध्ये कोलंबियात व २०२१ मध्ये पेरूत, म्हणजे इक्वेडोरच्या दोन्ही शेजाऱ्यांकडे आढळला. भारतात बिहार व उत्तर प्रदेशात त्याची नोंद झाली आहे. बसराई, श्रीमंती आणि ग्रँड नैन ही आपली वाणे नावांनी भिन्न असली तरी गट एकच, कॅव्हेंडिश, हे विसरता येत नाही.

निष्कर्ष :

१. निर्यातीत अग्रक्रम केवळ उत्पादनाच्या आकारमानाने मिळत नाही. बागेपासून बंदरापर्यंतची अखंड साखळी तो मिळवून देते. म्हणून गावपातळीवर प्रतवारी केंद्रे, पूर्वशीतकरण आणि लेखी खरेदी करार यांना प्राधान्य मिळणे आवश्यक आहे.

२. इक्वेडोरची साखळी घ्यावी, त्याचे एकांगी अवलंबित्व घेऊ नये. उत्तर भारताची बाजारपेठ टिकवून, आखाती देशांबरोबर इतरही ग्राहक देश शोधणे हेच खानदेशच्या हिताचे आहे.

३. रोगमुक्त रोपांची खात्री आणि वाणांची विविधता यांचा विचार निर्यात धोरणाचा भाग म्हणून व्हावा.

शेवटी एक बाब आपल्या प्राध्यापकवर्गासाठी. कंटेनरची नोंद बंदरावर होते. त्या मालाचा किती पैसा तांदलवाडीला किंवा शिरपूरला परतला, हे त्या नोंदीत दिसत नाही. आपल्या वर्गांत बसणारी अनेक मुले-मुली केळी आणि कापूस पिकविणाऱ्या घरांतून येतात. घरी मिळालेला भाव, आलेला खर्च आणि परदेशी खोक्याची किंमत यांची वर्षभर नोंद ठेवण्याचे काम त्यांच्याकडून करून घेणे अर्थशास्त्र, वाणिज्य व भूगोल विभागांना सहज शक्य आहे. त्यातून व्यापारशर्तींचा सिद्धांत त्यांना उमगेल, आणि आपल्या घामाचा वाटा नेमका कोठे गळतो, हेही.