डोक्यावरची पाटी, भिंतीवरची पाटी

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल मळवलीला थांबते. स्टेशनच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला हमरस्त्यापलीकडे कार्ले. सुटीच्या दिवशी भाकरी-चटणीचा डबा बांधून आपली कितीतरी कुटुंबे येथे उतरतात. आजी गुडघे धरून पायऱ्या चढते, पोरे पुढे पळतात. चैत्यात पोहोचल्यावर त्रिशरण-पंचशील होते, फोटो निघतो. मग एखादे पोर विचारते, "हे कोणी बांधलं?" आणि आपण ठोकून देतो, "सम्राट अशोकानं!"

आम्हीही वर्षानुवर्षे हेच सांगत आलो आणि चुकीचे सांगत आलो. अशोक इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातला. भाजे त्याच्यानंतरचे आणि कार्ल्याचा महाचैत्य तर आणखी पुढचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. सनावळीची चूक एकवेळ चालेल. मोठी चूक ही, की लेणे म्हटले की आपल्याला राजाच आठवतो. एवढा डोंगर राजाशिवाय कोण कोरणार, असे आपण धरूनच चालतो. खरे उत्तर कार्ल्याच्या खांबाखांबावर ब्राह्मी अक्षरांत कोरून ठेवलेले आहे. ती त्या काळची पावतीपुस्तकेच म्हणा ना! कोणी काय दिले, तो कुठला, कोणाचा मुलगा, धंदा काय, सारे नोंदलेले.

पहिली पावती वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीची. हे शैलगृह आपण पूर्ण केले आणि जंबुद्वीपात ते सर्वोत्तम आहे, असे तो सांगतो. व्यापारी माणूस, आपल्या मालाची तारीफ करणारच! पण खोटे बोललेला नाही. सदतीस खांबांचा हा चैत्य कोरीव चैत्यांत भारतातला सर्वांत मोठा. छताच्या लाकडी कमानी अजून जागच्या जागी आहेत.

भूतपालाच्या मागोमाग पाहा कोण उभे आहेत. धेनुकाकट गावचा सिंहदत्त नावाचा गंधिक, म्हणजे अत्तर-सुगंधी द्रव्ये विकणारा. त्याने चैत्याच्या दर्शनी दारासाठी दान दिले. त्याच गावचा सामी, वेणुवासाचा मुलगा, धंद्याने सुतार. दाराचे काम आपण केले असे तो नाव-गाव घालून सांगतो. एक खांब धेनुकाकटच्या व्यापाऱ्यांनी मिळून दिलेला. काही खांब यवनांचे, म्हणजे ग्रीक वंशाच्या लोकांचे. एक खांब सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित्राचा. समोरचा सिंहस्तंभ मात्र अग्निमित्रणक या महारथीचा, म्हणजे मोठ्या अंमलदाराचा. राजघराण्याकडून काहीच आले नाही असे नाही. नहपानाचा जावई उषवदात याने येथील भिक्खूसंघाला एक गाव दिले. पण खांब उभे राहिले ते बाजारातल्या माणसांच्या पैशावर.

हे धेनुकाकट नेमके कोठे यावर विद्वानांचे एकमत नाही. धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव दामोदर कोसंबी यांनी १९५५ साली त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. गणिताचा हा प्राध्यापक या डोंगरांतून पायी हिंडून लेख वाचत असे.

सुताराला आणि अत्तरवाल्याला खांब देणे परवडले कसे? बोरघाटामुळे. कल्याण, सोपारा, चौलच्या बंदरांतला माल घाटाने वर यायचा आणि जुन्नर, तेरकडे जायचा. तांड्याला पाणी हवे, मुक्कामाला जागा हवी, जोखमीच्या वाटेवर विश्वासाची माणसे हवीत. विहार होते तिथे हे सारे होते. बाजार विहाराला पोसत होता आणि विहार बाजाराला. आज घाटात गाडी थांबवून चिक्की घेणारा मुंबईकर त्याच वाटेवरचा गिऱ्हाईक आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

आता आमच्या भगिनींसाठी खास. भाज्याला एका खोलीच्या दानाचा लेख आहे. दान देणारीचे नाव बाधा. ओळख काय दिली आहे? हालिकाची बायको. हालिक म्हणजे नांगर धरणारा. देहूरोड आणि तळेगावच्या मध्ये शेलारवाडीचे लेणे आहे, तेही एका शेतकऱ्याच्या बायकोने दिलेले. तिचे नाव सिअगुतणिका. दानात मुलगाही सामील आहे, पण दान तिचे आहे. कार्ल्यात महादेवणकाची आई भायिला आहे. कोडी नावाची भिक्खुणी आहे, ती घुणिकाची आई. तिने दगडी कठड्याचे दान दिले आणि तो घडवणाऱ्या नंदिकाचेही नाव त्यात आले.

कोणाची आई, कोणाची बायको, हे सांगितले आहेच. ते त्या काळाचे वळण. पण आधी किंवा नंतर, बाईचे स्वतःचे नाव आहे. नांगरधाऱ्याचे नाव लेखात नाही, त्याच्या बायकोचे आहे!

हे वाचले आणि आम्हाला आमची आई आठवली.

आई उमेदीत लोणावळ्याच्या चिक्कीच्या भट्टीवर रोजाने जायची. चिक्कीची जन्मकथा लोणावळ्यात अशी सांगतात, की घाटात रेल्वेचे काम चालले तेव्हा मजुरांना गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकली जाई, तिचीच पुढे चिक्की झाली. काही असो, काम सोपे नाही. शेंगदाणे भाजून, पाखडून, साले काढून घ्यायची. गुळाचा पाक उकळत ठेवायचा. त्याचा थेंब पाण्यात टाकून बोटाने मोडायचा. कटकन मोडला तर पाक आला, वाकला तर कच्चा. आला की क्षणभरही दम नाही. दाणे टाकून तुपाचा हात फिरवलेल्या ओट्यावर ओतायचे, गरम असतानाच लाटायचे, सुरीने रेघा मारायच्या. आईच्या मनगटावर त्या पाकाचे डाग शेवटपर्यंत राहतील.

पुढे तिने भट्टी सोडली आणि घरी चिक्की करू लागली. पाच किलो गूळ उधारीवर, एक पितळी पातेले आणि शेजारणीचे लाटणे, एवढेच भांडवल. बाजारच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन निघायची. वस्तीत विहार बांधायचे ठरले तेव्हा त्या पाटीच्या पैशातून तिने वर्गणी दिली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा फरशी कमी पडली म्हणून. विहार झाले, संगमरवरी पाटी लागली, त्यावर आमच्या घरची वर्गणी वडिलांच्या नावावर. इतर घरांचेही तेच. पाटीवर पंचवीस-तीस नावे, एकही बाई नाही. विहार कुठले ते सांगत नाही, कारण बहुतेक वाचकांना ते आपलेच वाटेल.

वडिलांचा यात दोष नव्हता. त्यांना कोणी विचारले नाही आणि आईने कोणाला सांगितले नाही.

मावळात नाव राहणे-न राहणे हा खेळ जुना आहे. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ साली खुला झाला. त्याचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येताच मरण पावला. त्याच्या विधवेने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका हातात ठेवून काम तडीस नेले. तिचे नाव इतिहासात आले, चांगले झाले. पण १८६१ साली त्या घाटात ४० हजारांवर माणसे राबत होती. पटकीने, सुरुंगाने, दरडीने किती गेली! त्यांत आपलेही आजे-पणजे होते. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत.

एक-एक पैशाने मोठे काम उभे राहते हेही मावळाने दोनदा पाहिले. एकदा कार्ल्याला. दुसऱ्यांदा तळेगावला. अंताजी दामोदर काळे गावोगाव फिरून माणशी पैसा गोळा करत, त्यातून पैसा फंड उभा राहिला आणि १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. जपान-अमेरिकेत काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तो चालवायला आले. येथे शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काचकारखान्यांत गेले. उद्योगाला भांडवलदारच लागतो असे मानणाऱ्यांनी तळेगावचे हे उदाहरण जरूर पाहावे.

तळेगावला बाबासाहेबांचाही बंगला होता, हे वाचकांना ठाऊक आहेच. शेलारवाडीपासून जवळच देहूरोड, लष्करी डेपोचे गाव. तेथील विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. मूर्ती रंगूनहून आलेली. नागपूरच्या धम्मदीक्षेला अजून पावणेदोन वर्षे होती. पंढरीचा विठ्ठल हा मूळचा बुद्ध, असे त्याच भाषणात ते बोलले. तारीख पाहा: १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली तोच दिवस. ज्या ग्रंथाने बाईला धनाचा हक्क नाकारला तो जळाला त्याच तारखेला, शेतकऱ्याच्या बायकोने दिलेल्या लेण्याच्या शेजारी, बुद्ध पुन्हा येऊन बसला. हा योगायोगच, पण आम्हाला तो फार गोड वाटतो.

हिंदू कोड बिल अडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, हे आपण जयंतीच्या भाषणात दरवर्षी ऐकतो. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने वाटा दिला. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आता बापाच्या नावाआधी आईचे नाव लागते. कायदा इथवर आला. विहाराची पाटी मात्र आपल्या हातात आहे, तिला कोणत्या कायद्याची वाट पाहायची?

मावळच्या बाया आज काय-काय करतात ते रस्त्याने जातानाच दिसते. कोणी वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी तांदूळ पाखडून किलो-किलोच्या पिशव्या भरते, कोणी करवंदे-जांभळांचे द्रोण लावून घाटाच्या कडेला बसते, कोणी तळेगावच्या गुलाबाच्या हरितगृहात काटे सोलते, कोणी बचत गटाच्या नावाने पापड-चटण्या विकते. धम्मदानाची पेटी पुढे आली की यांच्याच कनवटीची नोट पहिली पडते.

गेल्या वर्षी आमच्या विहाराची डागडुजी झाली. जुनी पाटी तडकली होती, ती नव्याने कोरायची ठरली. आम्ही समितीपुढे हे सारे मांडले. दोन ज्येष्ठ उपासक नाराज झाले, एकाने "आता दगडावर भांडणं लावता का?" असेही सुनावले. अखेर घरटी दोन नावे घालायची असे ठरले. कोरणारा पोरगा यादी घेऊन आमच्या दारी आला आणि आईला विचारले, "आजी, सौभाग्यवती लिहू का श्रीमती?"

आई निवडत असलेल्या शेंगदाण्यांवरून हात न काढता म्हणाली, "तसलं काही नको. नाव लिही, आणि पुढं लिही, चिक्कीवाली."