जुन्या चित्रकथांवरील डाग कसे ओळखावे

पावसाळा सरला कीं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खालीं येते. तिच्या तळाशीं एखाद्या काकांनीं वा मामांनीं बाळपणीं जिवापाड जपलेलीं फँटम आणि मँड्रेक यांचीं चित्रमय पुस्तकें सांपडतात; मात्र तीं पिवळीं पडलेलीं व डागाळलेलीं असतात. घरांतील कोणी तरी प्रेमानें ओला फडका घेऊन मुखपृष्ठ पुसूं लागतें, आणि इतकीं वर्षें टिकलेला गुळगुळीत थर रंगासकट सुटून फडक्यावर येतो. हेतु चांगला असतो. डाग कशाचा हें पाहण्याआधींच त्यावर उपाय केला, एवढीच चूक घडते. पण ती पुन्हां दुरुस्त होत नाहीं. नाडीपरीक्षा झाल्यावांचून वैद्य मात्रा देत नाहीं, तोच नियम येथेंही लागू आहे.

या पुस्तकांचा कागद मुळांतच अल्पायुषी. अमेरिकेंत १९३८ सालीं ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकांत सुपरमॅन अवतरला, तेव्हां त्या अंकाची किंमत दहा सेंट होती. वाचून टाकून द्यावयाची ती वस्तु. म्हणून ती स्वस्त वृत्तपत्री कागदावर छापीत. मुंबईहून १९६४ सालीं निघूं लागलेलीं ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मराठी घरांतून आवडीनें वाचलीं गेलीं. त्यांतील पहिल्या अंकांचीही आतां साठी उलटली आहे. वृत्तपत्री कागद लाकूड यंत्रानें वाटून केलेल्या लगद्याचा असतो. त्यामुळें लाकडांतील लिग्निन नांवाचें द्रव्य त्यांत राहून जातें. हवा व उजेड लागला कीं तें तपकिरी होतें. शिवाय कागदांतील आम्ल वाढून त्याचे तंतु तुटूं लागतात. हवा कडेनें आंत शिरते, म्हणून पान आधीं कडांना काळवंडतें आणि मध्यभाग मागाहून. असा कडेकडून मध्याकडे उतरत गेलेला तपकिरीपणा सर्व पानांवर सारखा दिसला, तर तो डाग नव्हे. तें कागदाचें वार्धक्य होय. तें पुसून जात नाहीं. पान उलटतांना कडेचे कण गळूं लागले, तर तें शेवटच्या अवस्थेस पोंचलें असें समजावें.

बाहेरून आलेल्या डागांची ओळख निराळी. पाण्याचा डाग त्याच्या कांठावरून ओळखावा. पाणी कागदांतून पसरतांना आंतील तपकिरी द्रव्यें वाहून नेतें आणि जेथें वाळतें तेथें सोडतें. म्हणून डागाचा मध्य फिकट व कांठ गडद असतो, जणू ओसरत्या भरतीनें वाळूवर सोडलेली रेघ. तेथें कागदही लाटेसारखा खालींवर झालेला असतो. तेलाच्या डागाला असा कांठ नसतो; पान उजेडाकडे धरलें कीं तो अर्धपारदर्शक दिसतो. उन्हानें रंग उडतो. बहुधा तांबडा व पिवळा आधीं फिका पडतो, निळा व काळा मागें राहतो. गठ्ठ्यांतून एखादें पुस्तक बोटभर बाहेर राहिलें, तर त्याच्या कडेला सरळ पट्टा उमटतो. ती धूळ, उजेड आणि हवा यांची करणी होय. पानांवर विखुरलेल्या तांबूस ठिपक्यांस इंग्रजींत फॉक्सिंग म्हणतात. बुरशी आणि कागदांतील लोहाचे कण अशीं त्यांचीं दोन कारणें सांगतात; दमट हवा दोहोंनाही पोषक असते.

हे डाग बहुधा होऊन गेलेल्या घटनांच्या खुणा असतात. परंतु तीन डाग असे आहेत कीं ज्यांचें काम अजून चालूच असतें, आणि खरी घाई त्यांच्यापुरतीच करावी. पहिला बुरशीचा. मऊ लव व कुबट वास हीं तिचीं लक्षणें. तिला बोट लावूं नये. लावल्यास ती पसरते. तें पुस्तक तत्काळ वेगळें काढून सावलींत हवेशीर जागीं वाळूं द्यावें, आणि पूर्ण वाळल्यावरच, नाकातोंडावर मुखपट्टी बांधून, घराबाहेर मऊ कुंचल्यानें झाडावें. दुसरा गंजाचा. पाठीवरील तारेच्या टांक्याभोंवतीं नारिंगी वलय दिसलें, तर गंज कागद खात आहे असें जाणावें. एके दिवशीं मुखपृष्ठ टांक्यांतून निसटतें. तिसरा चिकटपट्टीचा. १९३० नंतर प्रचारांत आलेल्या या पारदर्शक पट्टीचा डिंक कालांतरानें पिवळा होऊन कागदांत मुरतो. पट्टी गळून पडते, पण मधाच्या रंगाचा डाग राहतो. ती ओढून काढल्यास अक्षरेंही तिच्याबरोबर निघतात. गंज व चिकटपट्टी यांचें काम जाणत्या हातांकडेच सोंपवावें.

कांहीं दोष तर छापखान्यांतच जन्मलेले असतात: रंग सरकलेले, टांके वांकडे बसलेले, कड तिरपी कापलेली. त्यांचा दोष काळाला देऊं नये. मात्र जुन्या अंकांचें मोल वाढलें, तशी लबाडीही वाढली. झिजल्या जागीं शाई भरून मुखपृष्ठ नवें भासविण्यांत येतें. अशा वेळीं मुखपृष्ठाची आंतली बाजू पाहावी. भरलेली शाई पुष्कळदां तेथें झिरपलेली आढळते. अतिनील किरणांच्या दिव्याखालीं नवा डिंक व नवी शाई अनेकदां जुन्या भागाहून वेगळी दिसते. उघड डाग हा झांकलेल्या डागापेक्षां बरा, कारण तो पुस्तकाचा खरा इतिहास सांगतो.

या परीक्षेस स्वच्छ कोरडे हात, एक भिंग आणि खिडकीचा तिरपा उजेड एवढें साहित्य पुरतें. नंतर प्रत्येक पुस्तक पॉलिएस्टरच्या पाकिटांत, आम्लरहित पुठ्ठ्याच्या आधारानें, थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागीं ठेवावें. तापणारा माळा आणि ओल धरणारी भिंत या दोन्ही जागा टाळाव्या. गेलेला शुभ्रपणा परत येणार नाहीं. परंतु उरलेलें आयुष्य वाढवितां येतें, आणि काकांनीं वाचलेलें पान नातवाच्या हातीं अखंड देतां येतें.