डोंगराशी जुळणारे घर

डोंगरात बांधलेल्या घराच्या भिंतींना दगड लावला, छपरावर कौले घातली, की ते निसर्गाशी एकरूप झाले असा समज आढळतो. परंतु डोंगराच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी दोनच : उतार आणि पाणी. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर पावसाने भिजलेला उतार घसरून सुमारे दीडशे माणसे दगावली. तेव्हा घराच्या देखणेपणाआधी उताराचा विचार करू.

समजा, दर ५ मीटरला १ मीटर चढ असलेल्या जागी उताराच्या दिशेने १० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद घर बांधायचे आहे. एकच सपाट जोते करायचे, तर वरचा निम्मा भाग खणून ती माती खालच्या निम्म्या भागावर टाकावी लागेल. वरच्या कडेला खोदाई १ मीटर होईल. खणलेल्या भागाचा छेद त्रिकोणी असतो. त्याचे क्षेत्रफळ ½ × ५ × १ = २.५ चौरस मीटर आणि मातीचे घनफळ २.५ × १२ = ३० घनमीटर.

आता तेच घर दोन पायऱ्यांवर बसवू. प्रत्येक जोते ५ मीटर लांब, मध्ये १ मीटर उंचीचा जिना. खोदाई अर्ध्या मीटरवर येते आणि माती १५ घनमीटरच हलवावी लागते. तीन पायऱ्या केल्यास किती? हे गणित विद्यार्थ्यांना सोडवू द्यावे. उत्तर १० घनमीटर येईल.

खोदाई कमी का हवी, हे ताटातल्या वाळूवरून दाखवता येते. कोरड्या वाळूचा ढीग साधारण ३० ते ३५ अंशांपेक्षा जास्त उभा राहत नाही. त्याचा पायथा चमच्याने कोरला, की वरची वाळू खाली येते. घरामागे उभा काप घेणे म्हणजे डोंगराचा पायथा असाच कोरणे होय.

काप घ्यावाच लागला, तर मागे भिंत बांधतात. पण मातीत मुरलेले पाणीही भिंतीला ढकलते. २ मीटर उंच भिंतीमागे पाणी पूर्ण साचले, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर एकट्या पाण्याचाच २ टन भार येतो, मातीचा वेगळा. म्हणून भिंतीत भोके ठेवावीत, मागे खडी भरावी आणि वरून येणारे पाणी चर खणून घराच्या बाजूने काढून द्यावे. छपराचे पाणीही थोडे नसते. १०० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी जमते. ते टाकीत साठवावे किंवा नैसर्गिक ओहोळात सोडावे. भरावाच्या मातीत मुरू देऊ नये.

अर्थात, जागाच चुकली तर उत्तम आराखडाही उपयोगी पडत नाही. ओहोळाची वाट, मातीचा जाड थर असलेल्या तीव्र उताराचा पायथा, जमिनीला भेगा गेलेली किंवा झाडांचे बुंधे तळाशी वाकलेले ठिकाण टाळावे. सुटे दगडगोटे पडलेले दिसले, तर ते कोठून आले हेही पाहावे.

पायऱ्यापायऱ्यांचे, उताराला समांतर छपराचे घर ठेंगणे राहते आणि मागचा डोंगर झाकत नाही. झाडे राखली, तर मुळे वरच्या थरातील माती धरून ठेवतात आणि घरही हिरवाईत दडते. सिमेंट-काँक्रीट वापरूनही असे घर बांधता येते. शाळेजवळ टेकडी असेल, तर पाणपातळीची नळी आणि दोरी घेऊन तिचा चढ मोजावा आणि मग वहीत घर आखावे.