बाळाला खिचडी, आईला पाकीट. पण पंधरा वर्षांच्या मुलीचं काय?

बोरीवली पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या गेटातून सकाळी फिरायला येणारे आत शिरतात. त्याच वेळी आतल्या आदिवासी पाड्यांवरच्या बायका कामासाठी बाहेर पडत असतात. मागे घरी लहान मुलं असतात, एखादी गरोदर सून असते आणि शाळेची तयारी करणारी मोठी मुलगी.

समजा, अशाच एका घरात तिघं आहेत. सहावा महिना लागलेली सून, तिचा चार वर्षांचा मुलगा आणि नववीत शिकणारी नणंद. तिघांपैकी दोघांना अंगणवाडीतून आहार मिळू शकतो. नणंदेला मिळत नाही. असं का? समजून घेऊ.

अंगणवाडी म्हणजे नेमकं काय?

एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजेच आयसीडीएस, २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिचं वस्तीतलं केंद्र म्हणजे अंगणवाडी. पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात पाठवणं, अशा सहा सेवा तिथून दिल्या जातात.

मुंबईत एक गोंधळ नेहमी होतो. अंगणवाडी राज्याच्या महिला व बालविकास विभागाची असते, तर लसीकरण आणि तपासणीची यंत्रणा महापालिकेची. त्यामुळे आहाराची तक्रार पालिकेच्या दवाखान्यात नेऊन उपयोग नाही. त्यासाठी अंगणवाडी सेविका आणि तिच्या वरच्या पर्यवेक्षिकेकडे जावं लागतं.

कोणाला काय मिळतं?

- गरोदर आणि स्तनदा माता: गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने पूरक आहार. तो घरी न्यायच्या पाकिटांतून, म्हणजे टीएचआरमधून मिळतो.
- ६ महिने ते ३ वर्षांची मुलं: घरी न्यायचा आहार आणि नियमित वजन-उंचीची नोंद.
- ३ ते ६ वर्षांची मुलं: केंद्रात गरम ताजा आहार आणि शाळेपूर्वीचं शिक्षण.

ही मेहेरबानी नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने हा आहार माता आणि बालकांचा हक्क ठरवला आहे.

आहाराबरोबर पैशांच्या योजनाही आहेत. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत अटी पूर्ण झाल्यास पहिल्या अपत्यासाठी ५ हजार रुपये आणि दुसरं अपत्य मुलगी असल्यास ६ हजार रुपये मिळतात. राज्याच्या 'लेक लाडकी' योजनेत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरातल्या मुलीला १८ वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात. हा अर्ज अंगणवाडी सेविकेकडेच करायचा असतो.

मग नववीतली मुलगी कुठे अडते?

शाळेतला पोषण आहार सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच आहे. नववीत गेलं की डबा घरचा.

किशोरींसाठी वेगळी योजना होती आणि आजही आहे. २०१० मध्ये केंद्राने निवडक जिल्ह्यांत ११ ते १८ वयोगटासाठी 'सबला' सुरू केली. पुढे ती बदलत गेली आणि २०१८ पासून सर्व जिल्ह्यांतल्या ११ ते १४ वर्षांच्या शाळाबाह्य मुलींपुरती राहिली. २०२२ मध्ये 'पोषण २.०' आल्यावर वयोगट १४ ते १८ झाला, पण जिल्हे कमी झाले. आता ती ईशान्येकडील राज्यांत आणि इतरत्र फक्त आकांक्षित जिल्ह्यांत चालते. महाराष्ट्रात असे जिल्हे चार: नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव. मुंबई उपनगर त्यात नाही.

कारण गणितात आहे. निवड जिल्ह्याच्या पातळीवर होते आणि आकडे सरासरीचे असतात. टॉवर आणि पाडा एकाच सरासरीत मोजले की पाडा दिसेनासा होतो. सरासरीने कुणाचं पोट भरत नाही.

एवढं महत्त्वाचं का?

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताची कमतरता आहे. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांमध्ये ती आढळली. म्हणजे आज नववीत असलेली मुलगी काही वर्षांनी गरोदर म्हणून अंगणवाडीत नोंदवली जाईल, तेव्हा रक्ताची कमतरता सोबत घेऊनच येण्याची शक्यता मोठी. तोवर तिच्यासाठी काय आहे? लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची निळी गोळी, आठवड्याला एक. शाळेत जाणाऱ्या मुलींना ती शाळेत आणि शाळा सुटलेल्यांना अंगणवाडीत देण्याची तरतूद आहे. पण रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, आणि मग अनेक मुली ती टाळतात. गोळी आहे, सोबतचं जेवण नाही.

तुम्ही काय करू शकता?

- गाव सोडून बोरीवलीत आलात? 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅपमध्ये नाव एका अंगणवाडीतून दुसरीत हलवता येतं. बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्यांनाही याचा उपयोग होतो. सेविकेला तसं सांगा.
- मोबाइल नंबर बदलला? घरी न्यायच्या आहारासाठी आता आधारशी जोडलेली ई-केवायसी आणि चेहरा पडताळणी लागते. नंबर जुना असेल तर ओटीपी पोहोचत नाही आणि पाकीट अडू शकतं.
- वस्तीत अंगणवाडीच नाही? सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत केंद्र द्यावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे. झोपडपट्ट्यांनाही तो लागू आहे. मुलांची नावं आणि वयं लिहून प्रकल्प अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या.
- घरात किशोरी आहे? निळी गोळी जेवणानंतर द्या, लगेच वर चहा नको. चहामुळे लोह कमी शोषलं जातं. लिंबू, आवळा, पेरू चालेल.

नणंदेच्या ताटाचा प्रश्न मात्र घरगुती उपायांनी सुटणारा नाही. त्यासाठी योजनेचा निकष जिल्ह्यावरून वस्तीवर यायला हवा, किंवा शाळेतलं जेवण दहावीपर्यंत जायला हवं. दोन्हीसाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. सेविका तिथे आहे, शाळाही आहे. यादीत फक्त तिचं नाव यायचं बाकी आहे.