मांडीचे बळ आणि गुडघ्याची चाल : एक मागोवा

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आपले लक्ष हाडे, अस्थिबंध आणि त्यांच्या जागी बसविलेल्या धातूची घडण यांवर केंद्रित करावे, हे स्वाभाविक असले, तरी ज्याच्या बळावर रोगी खाटेवरून उठून उंबरठ्यापर्यंत जातो त्या मांडीच्या पुढच्या स्नायूची हकीकत या दप्तरात समासातच राहिली. वस्तुतः गेल्या ऐंशी वर्षांत शस्त्रक्रियेनंतरच्या उपचारांत जे काही पालटले, ते बव्हंशी या एका स्नायूपायी पालटले.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, मांडीचे हाड मोडलेले आणि गुडघे जायबंदी झालेले सैनिक अमेरिकेच्या लष्करी इस्पितळांत महिनोन्‌महिने पडून असता, शिकागोच्या गार्डिनर इस्पितळातील थॉमस डिलॉर्म या तरुण डॉक्टरने रोग्याच्या पायात लोखंडी पादत्राण अडकवून, त्यावर वजने चढवून, बसल्या जागी गुडघा सरळ करावयास लावण्याचा उपक्रम आरंभिला. किशोरवयातील दीर्घ आजारानंतर त्याने स्वतःच वजने उचलून प्रकृती कमावली होती, त्यामुळे दुर्बळ स्नायूने भाराची धास्ती घ्यावी हे त्यास पटत नसे. 1945 साली त्याने ही पद्धती प्रसिद्ध केली. पुढे वॉटकिन्स यांच्या साहाय्याने तिला जे रूप आले, ते असे, की जो भार जेमतेम दहा वेळा उचलता येतो तो प्रमाण मानावा, आणि त्याचा निम्मा, पाऊण व पूर्ण भार, प्रत्येकी दहा वेळा, या क्रमाने उचलावा. व्यायामशाळांतून आज जो तीन फेऱ्यांचा शिरस्ता चालतो, त्याचे एक मूळ या लंगड्या सैनिकांत आहे, हे तेथील किती जणांस ठाऊक असेल कोण जाणे!

परंतु भाराची ही मुभा शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक गुडघ्यास मिळाली नाही. तुटलेल्या अस्थिबंधाची पुनर्बांधणी केल्यावर पाय आठवडेच्या आठवडे प्लास्टरमध्ये जखडून ठेवण्याची वहिवाट सत्तरीच्या दशकापर्यंत चालू होती, आणि प्लास्टर उतरल्यावर आखडलेला सांधा व काडीसारखी झालेली मांडी हाती येई. अमेरिकेतील इंडियानापोलिसचे शल्यविशारद शेल्बोर्न यांच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. जे रोगी सक्त ताकीद झुगारून लवकर पाय टेकीत व हिंडूफिरू लागत, त्यांचीच प्रकृती आज्ञाधारकांपेक्षा अधिक सुधारे. 1990 साली नित्झ यांच्यासह त्यांनी त्वरित पुनर्वसनाचा जो क्रम मांडला, त्याचे श्रेय काही अंशी या बेशिस्त रोग्यांस द्यावयास हवे.

मग स्नायू इतका झपाट्याने का खचतो? केवळ न वापरल्याने, हे उत्तर अपुरे होते. डी अँड्रेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 साली दाखविले, की सांध्यात द्रव भरला असता, रोग्याची इच्छा असूनही, मांडीचा स्नायू पूर्ण आकुंचन पावत नाही. 1984 च्या प्रयोगांत तर असे दिसले, की गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूच्या स्नायुभागाला मंद करण्यास अवघे वीस ते तीस मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार-सहा चमचे, द्रव पुरतो. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून भौतिकोपचारतज्ज्ञ ‘दाबा, अजून दाबा’ म्हणत वाटीच्या वर बोटे टेकून पाहतात, तेव्हा रोग्याचा चेहरा ताणला जातो, दुसऱ्या पायाची टाच गादीत रुतते, श्वास कोंडतो, पण बोटांखालचे मांस मऊच राहते. आप्तेष्ट याला आळस समजतात. तो आळस नव्हे, सुजलेल्या सांध्याकडून मज्जारज्जूकडे गेलेल्या संदेशाने स्नायूवर बसविलेला तो प्रतिबंध होय.

1974 साली न्यूयॉर्कमध्ये इन्सॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या संपूर्ण सांधारोपणास जे आधुनिक रूप दिले, त्याने वेदनेचा प्रश्न पुष्कळ अंशी सोडविला, बळाचा मात्र सोडविला नाही. डेलावेअर विद्यापीठातील मिझ्नर, स्नायडर-मॅक्लर प्रभृतींनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरातच मांडीचे बळ सरासरी 62 टक्क्यांनी घटलेले आढळले, स्नायूचा आकार मात्र सुमारे 10 टक्केच. घटीचा मोठा वाटा स्नायू रोडावल्याचा नसून तो पुरता चेतविला न गेल्याचा होता.

चालीत हे उणेपण सहसा लपते. निरोगी माणसाची टाच भुईला टेकताच गुडघा पंधरा-वीस अंश वाकतो आणि मांडीचा स्नायू लगामासारखा ताणून शरीराचा भार सावकाश झेलतो. बळ नसलेला माणूस हा वाकच टाळतो. तो गुडघा ताठ ठेवतो, धड किंचित पुढे झुकवतो, पाऊल आखूड करतो, आणि खुर्चीतून उठताना नकळत सारा भार दुसऱ्या पायावर सोपवितो. पाहणारे म्हणतात, ‘छान चालू लागले की!’ माझ्या मते या कौतुकाने जितके नुकसान झाले, तितके क्वचितच कशाने झाले असेल, कारण दुसऱ्या, बहुधा आधीच झिजलेल्या, गुडघ्यावर त्या उधारीचा बोजा पडत राहतो.

आपल्याकडे 1953 साली मुंबईच्या केईएम इस्पितळात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले, आणि 2017 च्या ऑगस्टात केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीस मर्यादा घातल्याने, कोबाल्ट-क्रोमचा सांधा 54,720 रुपयांच्या कमाल दरात आला. तरीही भेटीस आलेल्या रोग्यास प्रथम विचारले जाते, ते गुडघा किती वाकतो हेच. जमिनीवर बसणाऱ्या, पाटावर जेवणाऱ्या समाजात हा प्रश्न अप्रस्तुत नाही, परंतु मांडीचे बळ मोजून कागदावर नोंदविण्याचा प्रघात अजून विरळाच आहे. जिन्याचेच पाहा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा आधी, हा पहिल्या काही आठवड्यांपुरता दिलेला नियम पुष्कळ जण जन्मभर पाळतात, आणि मग त्या पायास शरीर उचलण्याचे काम कधी येतच नाही. म्हणून जाणते भौतिकोपचारतज्ज्ञ सूज उतरल्यावर आधी बोटभर-चारबोटे उंचीच्या पाटावर, मग पूर्ण पायरीवर, कठड्यावरचा हात सैल करवून, तोच पाय आधी टाकावयास लावतात.